डाव्या गालातले अब्बा

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या वडिलांना पुसून टाकलं. सगळं कायदेशीर होतं. फॉर्म भरला होता, दोन ठिकाणी सही, एका ठिकाणी अंगठा. पुसणं चालू असताना डॉक्टर उपळेकर मॅडमनी एसी जास्त होतोय का, असंही विचारलं.

पण घरात असं ठरलंय की हे झालेलं नाही. अम्मा म्हणाली, झालं नाही. बाबगोंडा काका म्हणाले, तसलं काय बी झाल्यालं न्हाई. बहुमत त्यांच्याकडे आहे. तेव्हा मीही तसंच धरून लिहितो : मंगळवार उजाडलाच नाही, अब्बा आहेत, आणि नेहमीच्या जागी, म्हणजे माझ्या तोंडाच्या डाव्या अर्ध्या भागात, बसलेले आहेत.

ते तिथे कसे जाऊन बसले, ते सांगतो.

मिरजेत आमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, छताला वाळत टांगलेले भोपळे आणि त्यांच्याखाली डोकं वाचवत बसलेली दोन माणसं. एक माझे वडील, बाबालाल शिकलगार. दुसरे बाबगोंडा काका, जे वयाच्या अठराव्या वर्षी आठवडाभरासाठी कामाला आले आणि अजून आहेत.

अब्बा जवारी काढायचे. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या एका बुटक्या घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार टेकलेली आहे की सुटलेली हे तारेलाही कळू नये. मग तार आणि घोडीच्या मधे एक सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी दोरा आला की नुसता टणटणाट थांबतो आणि तार गुंजायला लागते. याला जवारी लागली म्हणतात. ती लागली की नाही हे खात्रीने सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. आमच्याकडे ते काम अब्बांचा डावा डोळा करायचा. जवारी लागली की तो अर्धा मिटायचा आणि त्याच बाजूचा ओठ जरासा वर जायचा. अब्बा तोंडाने कधी 'चांगलं झालं' म्हणाले नाहीत. काका डोळ्याकडे बघायचे आणि तंबोरा 'पास' म्हणून भिंतीला लावायचे.

२०३७ च्या उन्हाळ्यात अब्बांचा डावा डोळा विनाकारण लवायला लागला. माझी आत्या म्हणाली, पुरुषाचा डावा डोळा लवणं वाईट, काहीतरी होणार. तिने वर्षभर वाईट बातमीची वाट पाहिली. शेवटी शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप जळला, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

कारखान्यात मात्र गोंधळ उडाला. अब्बांचा डोळा तासाला चाळीस वेळा मिटत होता आणि बाबगोंडा काका माणूस शिस्तीचे. त्यांनी एका आठवड्यात अकरा तंबोरे पास केले. त्यातले नऊ भुंगा अडकल्यासारखे वाजत होते. एकाला तर अजून तारा लावलेल्या नव्हत्या.

"काका, याला तारा कुठायत?" मी विचारलं.

"मला काय विचारतूस? तुझ्या बाला विचार. त्यानं डोळा मारला."

मग मी अब्बांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर शलाका उपळेकर मेंदूच्या नसांच्या सर्जन. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. मेंदूच्या बुडातून, कानाच्या मागच्या अंगाला, चेहरा हलवणारी नस निघते. शेजारून एक रक्तवाहिनी जाते. काही माणसांत ही वाहिनी वळसा घेऊन नसेवरच रेलून बसते. हृदयाचा दर ठोका म्हणजे नसेला एक धक्का, दिवसाला लाखभर. वर्षानुवर्षं घासून नसेवरचं वेष्टण झिजतं, आतल्या तारा उघड्या पडतात, आणि एकीतला निरोप दुसरीत उतरतो. माणूस काहीच करायला जात नाही, तरी डोळा मिटतो, गाल उडतो, ओठ खेचला जातो.

"यावर जुना उपाय म्हणजे दर तीन महिन्यांनी गालात बोटॉक्सची सुई," मॅडम म्हणाल्या. "स्नायू झोपतो, खोड तशीच राहते. कायमचं करायचं तर कानामागे छोटं भोक पाडून नस आणि वाहिनीच्या मधे टेफ्लॉनचा तुकडा ठेवायचा."

"तव्यावर असतं ते?" मी विचारलं.

"तेच."

अब्बा बराच वेळ चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, तार आणि घोडीच्या मधे दोरा."

"कुठली घोडी?"

"तुम्ही दोरा घालताय. फक्त तुम्हाला आवाज बंद करायचाय. आम्हाला चालू करायचा असतो."

मॅडमनी त्यांना तव्याचं टेफ्लॉन घातलं नाही. त्या वेळी 'गादी' नावाची नवी वस्तू चाचणीत होती आणि अब्बा पहिल्या तुकडीत बसले. भाताच्या शिताएवढी मऊ गादी वाहिनीला नसेपासून उचलून धरते. पण वाहिनी उचलली तरी नसेला लागलेली सवय लगेच जात नाही, म्हणून गादी नसेतला प्रत्येक निरोप तपासते. खोटा असेल तर उलटा ठोका देऊन जागीच विझवते, खरा असेल तर पुढे जाऊ देते, आणि यायला हवा तो आलाच नाही तर आपणच धाडते. आता खरा कुठला आणि खोटा कुठला हे ओळखायचं, तर त्या माणसाचं तोंड कधी काय करतं हे पाठ असायला हवं. ऐकण्याची नस चेहऱ्याच्या नसेला चिकटून जाते. जिभेकडची चवही तिथूनच वर येते. गादी दोन्हींवर कान ठेवून असते. कुठला आवाज आला, कुठली चव लागली आणि तोंडाने काय केलं, हे ती टिपत राहते. अब्बांच्या बाबतीत तिने हे तीन वर्षं टिपलं.

अब्बांचं तोंड शांत झालं. खोट्या उघडझापी गेल्या आणि एक खरी तेवढी राहिली. काकांनी ते नऊ तंबोरे भिंतीवरून उतरवून परत घासले. दहाव्याला तारा लावल्या.

तिसऱ्या वर्षी अब्बा एका मोठ्या तंबोऱ्यावर काम करत होते. लाकूड जुनं, भोपळा जाड. महिनाभर घासूनही डोळा मिटत नव्हता. एका दुपारी त्यांनी चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत गेले. दोरा बोटांत तसाच होता.

अब्बांच्या चाळिसाव्याच्या दिवशी माझा डावा डोळा लवला. मौलाना दुआ मागत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांना डोळा मारला. त्यांनी दुआ आटोपती घेतली.

मी नौशाद. एमआरआय केंद्रात तंत्रज्ञ आहे. आमच्या घराण्यात मी पहिला, ज्याला गिरणीचा भोंगा आणि भैरवी यांतला फरक घड्याळ बघून कळतो. अब्बांनी मला जवारी शिकवायचा प्रयत्न एकदाच केला, मी सहावीत असताना. तासाभराने म्हणाले, "जा, सायकल चालव."

माझा स्कॅन सहकाऱ्याने काढला. आत पडून राहिलो तर भोंग्यातून सूचना आली : हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या. ती मीच पूर्वी रेकॉर्ड केलेली होती. स्वतःचं म्हणणं मी पहिल्यांदाच इतकं मनावर घेतलं. बाहेर येऊन चित्र बघितलं. तीच नस, तसाच वाहिनीचा वळसा, त्याच जागी. अब्बांचं चित्र शेजारी ठेवलं, तर कोण बाप आणि कोण मुलगा हे वर छापलेल्या नावावरूनच कळत होतं.

"गादी बसवू," डॉक्टर उपळेकर म्हणाल्या. "पण नव्या गादीला तुमचं तोंड पाठ व्हायला वर्ष लागतं. तोवर दुसऱ्या कुणाचा तरी नमुना उसना घ्यावा लागतो. रचना जितकी जुळती, तितकं बरं."

"जुळता म्हणजे कुणाचा?"

मॅडमनी पडद्यावर शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "नौशाद, सगळ्यात जुळता नमुना बाबालालभाईंचा आहे."

मला हसू आलं. लहानपणी त्यांचे शर्ट आखूड करून घातले होते, त्याच खात्यातली गोष्ट वाटली. संमतीपत्राच्या चौदाव्या पानावर प्रश्न होता, 'रक्ताच्या नात्यातील मयत व्यक्तीचा नमुना चालेल काय?' मी 'चालेल' वर खूण केली. पंधराव्या पानावर काय होतं, ते मी वाचलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. डोळा लवायचा थांबला. नवव्या दिवशी घरी जेवायला बसलो. अम्माने खट्टी डाळ वाढली, मी पहिला घास घेतला आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मीठ कमी पडलं?" तिने विचारलं.

"नाही. छान झालीय."

"मग तसं तोंड का केलंस?"

"कसं?"

ती आत गेली, मिठाची बरणी आणली, आणि माझ्या डाव्या हाताला बसली. मी डाळीत मीठ घातलं. खरंच कमी होतं.

त्या दिवसापासून मी चार वाजता घरी असलो की अम्मा चहा घेऊन माझ्या डावीकडे बसायला लागली. माझ्याशी बोलायची नाही. गालाशी बोलायची. कुणाच्या घरी काय झालं, पाण्याचा टँकर किती वाजता आला, डाळिंबाचं झाड कसं रुसलंय. मी मोबाइल बघत असायचो, आणि डावा गाल तिचं ऐकत असायचा. मधेच तो कंटाळायचा, तेव्हा ती म्हणायची, "बरं, राहू दे."

माझी बायको अस्मा प्राथमिक शाळेत शिकवते. अब्बा होते तेव्हा ती त्यांच्यासमोर आली की डोक्यावर ओढणी घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या माहेरची रीत. एकदा ती सोफ्यावर माझ्या डावीकडे येऊन बसली. शाळेतल्या इन्स्पेक्टरची गंमत सांगत होती. निम्म्यात तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. मग स्वतःच दचकून माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." ती उठून उजवीकडे येऊन बसली. पण गोष्ट पुढे सांगितली नाही.

आमचं भांडण होऊ लागलं, तेव्हा आणखी विचित्र झालं. एका रविवारी तिने मला सुनावलं की मी दिवसभर कारखान्यात जाऊन बसतो. मी आवाज चढवला. ती बोलता बोलता थांबली आणि माझ्या डाव्या बाजूकडे बघून एकदम हसली.

"हसतेस काय?"

"अब्बा माझ्या बाजूने आहेत," ती म्हणाली. "आरशात बघा."

बघितलं. उजवी भुवई रागाने खाली आलेली. डावा गाल मात्र सुनेचं रास्त आहे, असा गंभीर. स्वतःच्याच तोंडात मी अल्पमतात होतो.

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. रात्री दिवा मालवल्यावरही ती डोक्यावर ओढणी घेऊन झोपायची. एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नौशाद, या खोलीत तिघं राहतात."

मी कारखान्यात का जाऊन बसायचो, ते सांगायचं राहिलं. डाळीनंतरच्या रविवारी बाबगोंडा काका एका तंबोऱ्याचा दोरा सरकवत होते. मी दारात उभा राहून मोजे काढत होतो. माझं लक्षही नव्हतं. काकांच्या हातातली कानस खाली पडली.

"मिटला!" काका म्हणाले.

"काय?"

"डोळा. हाल नगंस. तिथंच उभा ऱ्हा."

त्यांनी दोरा केसभर मागे घेतला. तार वाजवली. काही नाही. पुढे सरकवला. वाजवली. आणि माझ्या डाव्या डोळ्याची पापणी, मी न सांगता, माझी परवानगी न घेता, हळूच अर्धी खाली आली. ओठाचा कोपरा वर गेला. मला तो आवाज आधीच्या आवाजासारखाच वाटला होता. आतून कुणीतरी माझ्याच खिडकीचा पडदा ओढून बाहेर बघावं, तसं झालं.

काका माझ्याजवळ आले. गालाच्या अगदी जवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाले, "बाबालाल, हाईस व्हय रं?"

गाल काही बोलला नाही. गालांना ते येत नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी स्टुलावर बसायचो आणि काका तंबोरे पास करून घ्यायचे. मी पेपर वाचायचो. पापणी पडली की काका भिंतीला लावायचे. पुण्याहून गवई यायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे आणि डाव्या बाजूला नमस्कार करायचे. दुकान पुन्हा चालायला लागलं. एकच तंबोरा अडून राहिला. अब्बांच्या हातून राहिलेला, तोच. काका दर रविवारी तो शेवटी काढायचे, घासायचे, दोरा सरकवायचे, वाजवायचे. पापणी हलायची नाही.

"जित्ता असताना बी न्हाई म्हणत हुतास," काका गालाला सांगायचे. "बघू की. मला काय घाई न्हाई."

वर्ष भरत आलं आणि पंधरावं पान आलं. माझा स्वतःचा नमुना तयार झाला होता. आता दोन मार्ग होते. माझा नमुना चालू करायचा, म्हणजे उसना कायमचा नष्ट होणार. किंवा उसनाच ठेवायचा, मग माझा नष्ट होणार आणि डावी बाजू जन्मभर अब्बांची राहणार. मयताच्या नमुन्याची प्रत काढता येत नाही. मेलेल्यांची तोंडं विकायला निघाली होती, म्हणून तसा कायदाच झालाय. मुदत, मंगळवार सकाळी अकरा.

"तुम्ही काय कराल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"माझे वडील हयात आहेत," त्या म्हणाल्या. "मला त्यांचं तोंड नको वाटतं."

मी ठेवायचं ठरवलं होतं. खरं सांगतो. मला अब्बांनी कधी काही शिकवलं नव्हतं, आणि आता दर रविवारी ते माझ्या हाडामांसातून काम करत होते. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका कामावर होतो. शिवाय काका, दुकान, चार वाजताचा चहा. एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला फक्त माझा गाल, ज्याने आजवर काही विशेष केलं नव्हतं.

मुदतीच्या आधीच्या शुक्रवारी अस्मा शाळेतून लवकर आली. माझ्यासमोर उभी राहिली, उजवी-डावी न करता, अगदी नाकासमोर.

"दवाखान्यात जाऊन आले," ती म्हणाली. "दिवस गेलेत. दुसरा महिना संपत आला."

मला खूप आनंद झाला. मी हसलो. मला वाटलं, मी हसलो. तिच्या तोंडावरचं हसू मात्र हळूहळू उतरत गेलं.

"अर्धेच हसलात," ती म्हणाली.

आरशाकडे जायची गरज नव्हती. सुनेने अशी बातमी सांगितली की अब्बांच्या पिढीचा सासरा काय करतो, ते मला माहीत होतं. नजर वळवतो. ऐकलंच नाही असं दाखवतो. माझा उजवा गाल कानापर्यंत गेला होता आणि डावा अदबीने जमिनीकडे बघत होता.

"तो त्यांचा आनंदच आहे, अस्मा," मी म्हणालो. "तेही खूशच आहेत."

"असतील." ती खुर्चीवर बसली. "पहिलीतली पोरं बघते मी रोज. माझ्या तोंडाकडे बघून तोंड करतात. मी कपाळाला आठी घातली की तीस आठ्या. हे बाळही तुमच्याकडे बघूनच हसायला शिकणार. नातवाला आजोबा पाहिजेत, नौशाद. पण बापाच्या तोंडात नकोत."

तिने हट्ट केला नाही. रडलीही नाही. तिने फक्त हात वर नेला, ओढणी डोक्यावर घेतली, आणि डाव्या बाजूला म्हणाली, "अब्बा, माफ करा."

सोमवारी चार वाजता मी अम्माला सगळं सांगितलं. मोबाइल बाजूला ठेवून, पहिल्यांदाच. ती चहा फुंकत ऐकत राहिली.

"तो मला ओळखतो का?" तिने विचारलं.

"तसं नाही, अम्मा. गादीला आवाज कळतो. तुझा आवाज आला की त्यांचं तोंड जे करायचं, ते ती करते."

"म्हणजे समजत काही नाही. मी बोलले की नुसतं तोंड करतो."

"हो."

"चाळीस वर्षं तेच करत होता." तिने कप खाली ठेवला. मग डाव्या गालावर हात ठेवला. तिचा हात गरम होता, कपामुळे. "कर सही. पण झालं म्हणून मला कधी सांगू नकोस. मी विचारणार नाही. मी चार वाजता येईन, बसेन. तू मोबाइल बघ."

आता तो मंगळवार, जो झालेला नाही.

पावणेअकराला मी डॉक्टरांच्या खोलीत होतो. अस्मा बाहेर बाकावर. दहा मिनिटांनी कॉरिडॉरमधून गार्डचा आवाज आला, "ओ काका, वाद्य आत नेता येत नाही!" आणि त्यावर दुसरा आवाज, "ह्यो पेशंट हाय. त्याचीच अपॉइंटमेंट हाय."

बाबगोंडा काका आत आले. पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला तो मोठा तंबोरा खांद्यावर, कानस खिशात, दोऱ्याचं रीळ दातांत. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. अम्माने, बहुतेक.

"मॅडम, धा मिंटं द्या," ते रीळ काढून म्हणाले. "एवढा एक राह्यलाय त्याचा."

"अकराला आपोआप सुरू होतं," मॅडम म्हणाल्या. "मला थांबवता येत नाही. दहा मिनिटं चालेल. कुठल्या मिनिटाला काय जातं, तेही मला सांगता येणार नाही."

काका जमिनीवर मांडी घालून बसले. रुग्णाला झोपवायच्या पलंगाला तंबोरा टेकवला. दोन खुंट्या पिळल्या. अकरा वाजले. पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. मॅडमनी मला एसी जास्त होतोय का, असं विचारलं.

काका तार छेडत होते, दोरा सरकवत होते, माझ्याकडे बघत होते. मला काहीच जाणवत नव्हतं. तीन मिनिटं. पाच. त्यांनी कानशीने एकदा, फक्त एकदा, घोडी घासली आणि फुंकर मारली. हाडाची पूड मॅडमच्या बुटांवर पडली. मॅडम हलल्या नाहीत.

"बाबालाल," काका म्हणाले, "हिकडं बघ."

त्यांनी तार छेडली. या वेळी खोलीतल्या काचेच्या बाटल्याही हलक्या वाजल्या, एवढं मला कळलं. आणि माझी डावी पापणी खाली यायला लागली. नेहमीसारखी, हळू. ओठाचा कोपरा सुटला, वर निघाला. पापणी निम्म्याच्याही निम्म्यावर आली, आणि तिथेच थांबली.

पडद्यावर लिहून आलं, 'पूर्ण'.

तार अजून गुंजत होती. कुणी हात लावून ती बंद केली नाही. आपणहून विरेपर्यंत आम्ही थांबलो.

"पास?" काकांनी विचारलं.

तोंड माझंच होतं, पण प्रश्न मला नव्हता.

"मॅडम, पास हाय का न्हाई?"

डॉक्टर उपळेकरांनी नोंद दोनदा तपासली. "डोळा मिटत होता," त्या म्हणाल्या, "किंवा नमुना सुटताना स्नायू सैल पडला. दोन्हींची रेघ सारखीच येते." मग सर्जन माणसाला शोभणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मला माफ करा."

काकांनी तंबोरा धोतरात गुंडाळला. दारातून वळून म्हणाले, "तसलं काय झाल्यालं न्हाई." आणि गेले.

बाहेर बाकावर मी अस्माच्या शेजारी बसलो. ती उठली आणि माझ्या डावीकडे येऊन बसली. खूप दिवसांनी. माझा नमुना अजून रुळायचा होता; गाल कोरा होता, नव्या वहीसारखा. काही करायचं म्हटलं तर उशिरा आणि चुकीचं करायचा. तिचा हात सवयीने ओढणीकडे गेला, मधेच थांबला. आता गरज नव्हती. तिने घटकाभर विचार केला आणि ओढणी डोक्यावर घेतलीच.

अम्मा अजूनही चार वाजता येते. डावीकडे बसते, टँकरचं सांगते. मी मोबाइल बघतो आणि डाव्या गालाने कंटाळल्यासारखं करायचा प्रयत्न करतो. जमत नाही. ती तरी म्हणते, "बरं, राहू दे."

तो तंबोरा काकांनी भिंतीला लावलेला नाही आणि परत घासायलाही घेतलेला नाही. दोन्हींच्या मधे, स्टुलावर, आडवा ठेवलाय. दोऱ्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही, कारण तो त्या सकाळी होता तिथेच असायला हवा. म्हणून काल मी कामावर जाण्याआधी बसून हा अर्ज लिहिला आणि टपालात टाकला. पोच आलेली नाही.

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
मयत नमुने (नष्ट) विभाग.

विषय : मयताचा डावा डोळा अल्प मुदतीसाठी परत मिळणेबाबत.

महोदय,

मी, नौशाद बाबालाल शिकलगार, राहणार मिरज, अर्ज करतो की, माझे वडील मयत श्री. बाबालाल यांचा नमुना नियमानुसार व माझ्याच सहीने कायमचा नष्ट करण्यात आला असून त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. नमुन्याची प्रत निघत नाही, हेही मला मान्य आहे. तथापि नष्ट होतेवेळी मयताकडे एक काम प्रलंबित होते व त्यावरील त्यांचा अभिप्राय अर्धवट नोंदला गेला आहे. सदर तंबोरा, त्यावरील दोरा न हलवता, जसाच्या तसा राखून ठेवला आहे. माझा डावा गालही अद्याप बराचसा रिकामा असून, साधारण सात महिन्यांनी आमच्या घरी बाळ येईल, तोवर तो वापरास उपलब्ध आहे.

तरी मयताचा केवळ डावा डोळा, केवळ अर्ध्या मिनिटासाठी, शक्यतो दुपारी चार वाजता, वरील पत्त्यावर हजर करण्यात यावा, आणि तार वाजल्यावर तो मिटला तर तसे, न मिटला तर तसे, श्री. बाबगोंडा काका यांना लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.